दोन भाले, एक भाषांतर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही निसर्गावर मराठीत लिहिता. वनस्पतींची इंग्रजी वर्णनं वाचताना ओव्हेट, लॅन्सिओलेट, कॉर्डेट, सेरेट, पेल्टेट असे लॅटिनमधून आलेले शब्द पावलोपावली भेटतात. शंभरेक शब्द अर्थासकट पाठ केलेत, तरी पान हातात घेतलं की कुठला शब्द लावायचा ते सुचत नाही. त्यासाठी लॅटिन शिकावं का, आणि मराठीत लिहिताना काय करावं, असं विचारलंय. शिवाय एक शंका: कॉर्डेट म्हणजे हृदयाकृती आणि भोकराचं शास्त्रीय नाव कॉर्डिया, मग भोकराचं पान हृदयासारखं का दिसत नाही?

भोकराकडे शेवटी येतो. लॅटिनचं म्हणाल तर आवड असेल तर जरूर शिका, पण या कामासाठी गरज नाही. मी पंचवीसेक वर्षं हर्बेरियममध्ये वाळवलेले नमुने हाताळतोय आणि माझ्या लॅटिनमध्ये कुणाकडे प्यायला पाणीही मागता येणार नाही. १ जानेवारी १९३५ पासून २०११ संपेपर्यंत नव्या वनस्पतीचं नाव ग्राह्य धरायला लॅटिन वर्णन सक्तीचं होतं. २०१२ पासून इंग्रजीही चालतं. सक्तीच्या काळात आम्ही जे लॅटिन लिहायचो त्यात क्रियापद औषधालाही नसायचं. नाम, मग विशेषण, पुन्हा नाम, पुन्हा विशेषण, सामानाच्या यादीसारखं. साठ-सत्तर मुळं आणि दहा-बारा प्रत्यय ओळखीचे झाले की निभावतं.

खरी अडचण शब्दांची नाहीच. तुम्ही यादी 'शब्द आणि त्याचा अर्थ' अशी पाठ केलीत. प्रत्यक्ष काम उलट्या दिशेनं चालतं. हे सगळे शब्द उत्तरं आहेत, आणि प्रत्येक उत्तराचा प्रश्न वेगळा आहे. तो प्रश्न यादीत छापलेला नसतो, म्हणून ओव्हेट आणि सेरेट एकमेकांचे स्पर्धक वाटतात आणि पान हातात घेऊन आपण दोघांतून एक निवडायला बसतो. ओव्हेट पानाच्या बाह्याकाराबद्दल बोलतो, सेरेट कडेबद्दल. एकच पान खुशाल दोन्ही असू शकतं.

याचं सगळ्यात छान उदाहरण म्हणजे ऐन. त्याला वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या अभ्यासकांनी नावं दिली आणि आज ती बहुतेक एकाच जातीत जमा केली जातात. टर्मिनॅलिया इलिप्टिका हे आजचं नाव: पानाचा बाह्याकार लंबवर्तुळासारखा. टर्मिनॅलिया क्रेन्युलाटा: पानाच्या कडेला बारीक गोलसर दाते. टर्मिनॅलिया टोमेंटोझा: अंगावर दाट लव. टर्मिनॅलिया अलाटा: पंखवाला, आणि हे पंख पानाला नव्हे, फळाला. म्हणजे झाड एक आणि नावं चार, कारण प्रत्येक नावानं वेगळ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. चुकलं कुणीच नाही. आणि टर्मिनॅलिया हे प्रजातीचं (इंग्रजीत जीनसचं) नावही वर्णनच आहे: टर्मिनस म्हणजे शेवट, पानं फांदीच्या शेंड्याशी गोळा झालेली.

तेव्हा पान हातात आलं की शब्द आठवायच्या आधी त्याला विचारा: तू सर्वांत रुंद कुठे आहेस?

या एका प्रश्नानं निम्मा गोंधळ मिटतो. देठाकडच्या अर्ध्यात रुंद असेल तर ओव्हेट, बरोबर मध्यावर रुंद असेल तर इलिप्टिक, टोकाकडच्या अर्ध्यात रुंद असेल तर ऑबोव्हेट. ओव्हमचा अर्थ अंडं. अंड्याची एक बाजू जाड असते आणि एक निमुळती. ओव्हेट पानात जाड बाजू देठाकडे. मराठीत 'अंडाकृती' म्हणताना आपण ही दिशा सोडून देतो आणि कुठल्याही लंबगोल वस्तूला अंडाकृती म्हणतो. बोलताना चालतं, वर्णनात नाही.

यानंतर पट्टी काढा. लांबी रुंदीच्या दीड-दोन पटीपर्यंत असेल तर ओव्हेट म्हणायला हरकत नाही. तीनपट आणि त्याहून जास्त झाली की लॅन्सिओलेटकडे वळा. मधल्या पानांना लोक 'ओव्हेट-लॅन्सिओलेट' असा जोडशब्द लावतात, आणि तो पळवाट नाही, प्रामाणिकपणा आहे. हे आकडे मात्र पुस्तकागणिक थोडे हलतात. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनं १७५१ मध्ये लॅन्सिओलेटची व्याख्या केली ती 'लांबट आणि दोन्ही टोकांकडे हळूहळू निमुळतं' अशी, म्हणजे रुंदी मधोमध. पुढच्या अनेकांनी तोच शब्द देठाजवळ रुंद असलेल्या पानाला वापरला. हा घोळ आवरायला १९६२ मध्ये वर्गीकरणवाल्यांच्या एका समितीनं साध्या सममित आकारांचा तक्ता छापला, लांबी-रुंदीच्या गुणोत्तरांसकट. तरी तुम्ही ज्या पुस्तकावरून काम करताय त्याच्या शेवटचा शब्दार्थ आधी बघा. 'लॅन्सिओलेट म्हणजे नेमकं काय' याचं उत्तर 'कुणाचं लॅन्सिओलेट' यावर अवलंबून आहे.

आता शीर्षकातले भाले. रोमन माणसाकडे भाल्याला एकाहून जास्त शब्द होते, त्यातले दोन वनस्पतिशास्त्रात आले. लांकेआवरून लॅन्सिओलेट, हास्तावरून हॅस्टेट. लॅन्सिओलेट म्हणजे पूर्ण पानच भाल्याच्या पात्यासारखं. हॅस्टेट म्हणजे पानाच्या तळाशी दोन पाळ्या, दोन्ही आडव्या बाहेर निघालेल्या. या पाळ्या बाहेर न जाता मागे, देठाच्या दिशेनं वळल्या असतील तर ते सॅजिटेट. सॅजिटा म्हणजे बाण. मराठीत पहिल्या दोघांना आपण बिनदिक्कत 'भाल्यासारखं' म्हणून मोकळे होतो. मीही झालोय. उमेदवारीच्या काळात माझ्या वहीत एका पाणवनस्पतीपुढे नुसतं 'पान भाल्यासारखं' लिहिलेलं होतं. दोन वर्षांनी इंग्रजी वर्णन करायला बसलो तेव्हा नमुन्याचं पान चुरगळलेलं, आणि कुठला भाला ते आठवेना. नमुना बाद झाला. तेव्हापासून मी हॅस्टेटला मराठीत एका शब्दात म्हणतच नाही. 'तळाशी दोन बाहेर वळलेल्या पाळ्या' असं सरळ लिहितो. चार शब्द जास्त लागतात, पण चित्र फिसकटत नाही.

दुसरा प्रश्न: देठ कुठे जोडलाय? बहुतेक पानांत तो कडेलाच जोडलेला असतो, म्हणून आपण विचारत नाही. पेल्टा ही हलकी, लहान ढाल. तिच्यावरून आलेल्या पेल्टेटचं 'ढालीसारखं' असं भाषांतर सर्रास होतं आणि वाचणारा गोल पान डोळ्यासमोर आणतो. कमळाचं पान पेल्टेट आहे आणि गोलही आहे, त्यामुळे हा गैरसमज पक्का होतो. पण पेल्टेटला बाह्याकाराशी देणंघेणं नाही. ढालीची मूठ जशी आतल्या बाजूला असते तसा देठ पात्याच्या कडेला नसून आत, पृष्ठभागावर जोडलेला, एवढंच तो सांगतो. अळूचं पान घ्या. आकार बाणासारखा किंवा हृदयासारखा, पण देठ तळाच्या खाचेत नाही, खाचेपासून थोडा आत जोडलेला आहे. म्हणून अळूचं पान पेल्टेट. तसंच दिसणारं, पण देठ थेट खाचेत जोडलेलं पान मिळालं, तर थांबून बघा, ते बहुधा अळू नसून त्याच्या कुळातलं दुसरंच काही असेल. ही खूण शेताच्या बांधावर उभं राहूनही दिसते, भिंग लागत नाही.

कडेबद्दल मराठी फारच उदार आहे. 'दातेरी' म्हटलं की संपलं. लॅटिन इथे चिकित्सक आहे. सेरा म्हणजे करवत. सेरेट कडेचे दाते टोकाच्या दिशेनं झुकलेले, कडुनिंबाच्या पर्णिकेसारखे. डेन्स म्हणजे दात. डेंटेट कडेचे दाते सरळ बाहेर. क्रिनेटचे दाते गोलसर, एकाशेजारी एक लहान कमानी असाव्यात तसे. मराठीत मी 'करवती', 'दंतुर' आणि 'गोलदंती' असे तीन शब्द पाळतो. 'गोलदंती' कुठल्या कोशात असेल-नसेल, पण वाचणाऱ्याला न विचारता कळतो, आणि माझ्यापुरती तीच कसोटी. दाते अजिबातच नसतील तर इंग्रजीत एन्टायर म्हणतात. त्याचं मूळ इंटेगर, म्हणजे ज्याला स्पर्श झाला नाही ते. आपला 'अखंड' इथे चपखल बसतो.

पृष्ठभागाबद्दल मात्र जरा रेंगाळावंसं वाटतं, कारण इथे लॅटिनवाल्यांनी अक्षरशः केस मोजलेत. ग्लेबर म्हणजे केसच नाहीत; 'गुळगुळीत' नव्हे, खरखरीत पानही ग्लेबर असू शकतं. प्युबेसेन्टमध्ये वयात येणाऱ्या पोराच्या मिशीसारखी मऊ, आखूड लव. सेरिशियस हे रेशमावरून: केस एका दिशेला दबलेले आणि चमकणारे. लॅनेट लोकरीवरून. हिर्स्यूटचे केस लांब आणि राठ, हिस्पिडचे इतके ताठ की टोचतात. आणि टोमेंटोझ, ज्यावरून ऐनाला एक नाव पडलं, ते टोमेंटमवरून. टोमेंटम म्हणजे उशा-गाद्यांत भरायचं सामान. केस एकमेकांत इतके गुंतलेले की खालची साल दिसू नये. हे मूळ कळल्यावर मी पुन्हा कधी टोमेंटोझ आणि प्युबेसेन्टमध्ये गफलत केली नाही. उशी फाडून आत डोकावल्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं, बस्स.

हे सगळं ठरवायला दहा पटीचं भिंग आणि बोट पुरतं. बोट आधी देठाकडून टोकाकडे फिरवा, मग उलट. एका दिशेनं मऊ आणि दुसऱ्या दिशेनं खरखरीत लागलं तर केस दबलेले आणि एकाच दिशेचे आहेत. मराठीत 'लवदार' हा एक शब्द सगळ्यांना लावू नका. केस लांब की आखूड, मऊ की राठ, उभे की दबलेले, यातलं निदान एक सांगा.

आता शब्दांची जोडणी. पुढे लागणारा ऑब बहुधा 'उलटा' असं सांगतो. ऑबोव्हेट हे उलटं अंडं, ऑबकॉर्डेट हे उलटं हृदय, म्हणजे खाच देठाशी नसून टोकाशी. आंबुशीच्या तीन पर्णिका बघा, नेमक्या तशाच. पण ऑब्ट्यूज आणि ऑब्लाँगमध्ये काहीही उलटं नाही. ऑब्ट्यूज म्हणजे ठोकून बोथट केलेलं आणि ऑब्लाँग म्हणजे लांबट. सब म्हणजे 'थोडंसं'. सबकॉर्डेटला 'उपहृदयाकृती' म्हणणारी भाषांतरं मी वाचली आहेत; 'किंचित हृदयाकृती' म्हणा की. शेवटी उल आला तर वस्तू लहान झाली: सेरेट म्हणजे करवती, सेर्‍युलेट म्हणजे बारीक करवती. शेवटी एसेन्स आला तर ती गोष्ट होत चालली आहे. ग्लॅब्रेसेन्स म्हणजे कोवळेपणी केस होते, पुढे गळून पडत गेले.

हा शेवटचा प्रत्यय मला फार आवडतो, कारण तो वेळ मोजतो. कुठला शब्द लागेल हे ज्या गोष्टींवर अवलंबून असतं त्यांतली मोठी गोष्ट हीच. पान कोवळं की जून, मुख्य खोडावरचं की फुलांजवळचं, रोपाचं की पूर्ण वाढलेल्या झाडाचं, यानं शब्द बदलतो. फणसाच्या रोपाची पानं अनेकदा खोल खाचांची असतात आणि मोठ्या झाडाची अखंड, म्हणून तर त्याच्या नावात हेटरोफिलस आहे, म्हणजे निरनिराळ्या पानांचा (हा ग्रीक आहे, लॅटिन नव्हे, शास्त्रीय नावांत दोघे एकाच घरात नांदतात). म्हणून एका पानावरून कधीच लिहू नका. पाच-सहा पानं घ्या, वेगवेगळ्या उंचीवरची, आणि 'पासून-पर्यंत' असं लिहा.

इथवरचं एका दमात सांगायचं तर आधी अवयव ठरवा, मग रुंदी कुठे, मग लांबी किती पट, टोक, तळ, कड, पृष्ठभाग, देठाची जागा, आणि मग शब्द.

अवयव आधी ठरवा म्हणतो त्याचं कारण शास्त्रीय नावात तो अनेकदा सांगितलेला नसतो. आंबुशीचं ऑक्झॅलिस कॉर्निक्युलाटा, म्हणजे बारक्या शिंगांची. पानात शिंगं शोधाल तर सापडणार नाहीत. ती तिची उभी, टोकदार फळं. बहाव्याच्या कॅसिया फिस्टुलामधली नळी म्हणजे त्याची लांब शेंग. एरंडाच्या रिसिनस या नावाचा अर्थ तर गोचीड आहे, आणि तो त्याच्या बियांना उद्देशून. उलट मर्यादवेलीचं पेस-काप्रे, शेळीचा पाय, हे मात्र पानाबद्दलच आहे. टोकाशी दुभंगलेलं पान खुरासारखं दिसतं.

हीच किल्ली पानांबाहेरही चालते. १८०२ मध्ये ल्यूक हॉवर्डनं ढगांना जी लॅटिन नावं सुचवली ती याच पठडीतली: सिरस म्हणजे केसांची बट, क्युम्युलस म्हणजे ढीग, स्ट्रेटस म्हणजे पसरलेला थर. गडगडाटी क्युम्युलोनिंबसचा माथा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा असतो, तो वरून गुळगुळीत व्हायला लागला की त्याला काल्व्हस म्हणतात, टकल्या. पुढे बर्फकणांमुळे तंतू दिसू लागले की तोच ढग कॅपिलाटस, केसाळ. माणसाच्या उलट क्रम. तंतूंचा तो माथा आडवा पसरून ऐरणीसारखा झाला तर वर इन्कस हा शब्द. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय मेघकोशात ॲस्पेरिटास हे नवं वैशिष्ट्य आलं, खडबडीतपणा या अर्थी. म्हणजे ही पद्धत अजून जिवंत आहे.

चंद्राच्या नकाशावर मारे म्हणजे समुद्र, आणि त्यात पाण्याचा थेंब नाही, गोठलेला लाव्हा आहे. रिचोली या इटालियन खगोल अभ्यासकानं १६५१ मध्ये ही समुद्रांची नावं नकाशावर घातली. तिथेच रिमा म्हणजे चीर, कातेना म्हणजे साखळी, डॉर्सम म्हणजे पाठ. आपण डोंगराला पायथा, माथा आणि सोंड देतो त्यातलाच प्रकार. हे शब्द पाहणाऱ्याला काय दिसलं ते सांगतात. वस्तू कशाची बनलीय याची हमी देत नाहीत. सायनस हा शब्द तर सगळीकडे हिंडलाय: चंद्रावर उपसागर, पानात दोन पाळ्यांमधली खाच, कवटीत पोकळी. गणितातला साइनही तोच. संस्कृत 'जीवा' अरबीत जसाच्या तसा गेला, पण लिहिताना स्वर गळाले. लॅटिनमध्ये आणणाऱ्यानं तो अरबीतला दुसराच शब्द समजून वाचला आणि खळगा, वळण या अर्थाचा सायनस ठेवून दिला. भाषांतरात चुकलेल्यांना एवढा दिलासा पुरे.

आता भोकर. गुळवेलीचं टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया आणि मंजिष्ठेचं रुबिया कॉर्डिफोलिया ही नावं खरोखर हृदयावरून आहेत: कोर, कॉर्डिस म्हणजे हृदय, फोलियम म्हणजे पान. दोन्हींची पानं बघा, खात्री पटेल. कॉर्डियाचा त्याच्याशी संबंध नाही. ते नाव सोळाव्या शतकातल्या व्हालेरियस कॉर्डस आणि त्याचे वडील युरिशियस कॉर्डस या जर्मन अभ्यासकांवरून ठेवलंय. अशी फसगत टाळायला साधी सवय लावून घ्या: नावाचा पहिला शब्द, प्रजातीचा, माणसावरून असण्याची शक्यता धरूनच चला आणि आकार शोधायचा तर दुसऱ्या शब्दात आधी शोधा. हाही नियम पक्का नाही. आपट्याचं बौहिनिया हे नाव योहान आणि कास्पार बौहिन या दोन भावांवरून आहे, आणि ते याच प्रजातीला का, याचं लिनियसनं दिलेलं कारण असं की तिचं पान एका देठावर दोन सारख्या पाळ्यांचं असतं.